खाचेतला मुरूम

१

फोन हळू चार्ज होतो म्हणून माणूस दुकानात येतो, तेव्हा त्यानं मनाशी निकाल लावलेलाच असतो: बॅटरी गेली, आता नवा घ्यावा लागणार. मी त्याला आधी बसवतो. वायर बदलून बघतो, मग चार्जरची डबी बदलून बघतो, कारण लोक घरातली जुनी डबी नव्या फोनला लावतात आणि दोष फोनला देतात. तेवढ्यानं भागलं नाही तर फोन बंद करून त्याची खालची खाच, जिथं वायर घुसते ती, दिव्याखाली धरतो. दहातल्या सात वेळा रोग तिथंच सापडतो. खिशातला कचरा वायरीबरोबर दाबला जाऊन आत घट्ट बसतो, वायर पुरती टेकत नाही, आणि दोन तासांचं काम दिवसभर चालतं. बारीक सुईनं तो कचरा उकरायचा, पांढऱ्या कागदावर पाडायचा, वर एक फुंकर मारायची. याचे मी काही घेत नाही. सोनईत आमच्या ओळीलाच मोबाईलची चार दुकानं आहेत, आणि फुकट सुई फिरवून घेतलेलं गिऱ्हाईक कव्हर घ्यायला बाकीच्या तिघांकडे जायला लाजतं.

शाळा मी सातवीत सोडली. हे काम उघडून बघत, बिघडवून बघत शिकलो. पण आतून निघालेला कचरा ओळखण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. गिरणीवाल्याच्या फोनमधून पीठ निघतं, गुरुजींच्या फोनमधून खडू, कांद्याच्या व्यापाऱ्याच्या फोनमधून लाल सालीचा भुगा. एका नव्या जोडप्यातल्या नवऱ्याच्या फोनमधून लग्नानंतर वर्षानं हळद निघाली. मी त्याच्या बायकोला म्हणालो, ताई, यांची हळद अजून उतरलेली नाही, जपून वापरा. ती एवढी हसली की पुढच्या बाजारला बहिणीला घेऊन आली, तेच पुन्हा ऐकायला.

निघालेला कचरा मी एका वहीत चिकटपट्टीखाली डकवतो. शेजारी नाव आणि तारीख. नाद आहे एकेकाला. लोक जुनी नाणी जमवतात, मी खाचेतली घाण.

ही वही नसती तर पुढचं काही माझ्या लक्षातच आलं नसतं.

२

पुष्पावती वहिनी पहिल्यांदा आल्या त्या माघातल्या एका बाजारच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला. मी त्यांना वहिनी म्हणतो, कारण त्यांचे मालक सहादेव आणि मी एका काळी विहिरी खोदायच्या कामावर बरोबर होतो. सहादेव त्याच कामात गेले, त्यांच्याच शेतातल्या विहिरीत. तेवीस वर्षं झाली. तेव्हापासून वहिनी माझ्या दुकानाच्या पायरीला कधी लागल्या नव्हत्या. रस्त्यात दिसल्या की मान हलवायच्या, तेवढंच. त्यांची लेक निकिता शहरात, सावेडीला असते. तिनंच हा फोन आईला घेऊन दिलेला.

"लई हळू भरतोय, भाऊ," त्या म्हणाल्या. "सकाळी लावला तर दिस मावळंस्तवर निम्मा न्हाई."

मी त्यांच्या देखत फोन लावून बघितला. वायर आत जाताच फोन टुंग करून वाजला, म्हणजे वीज मिळाल्याची खूण. पण लगेच पुन्हा वाजला, आणि पुन्हा. मग थांबला. थोड्या वेळानं परत तीनदा. वायर ढिली बसली की असं होतं. वीज तुटते, जोडते, तुटते. यात नवल काही नाही, दिवसातून चार फोन असे वाजतात.

मी फोन बंद केला, खाच दिव्याखाली धरली आणि सुई फिरवली. कागदावर जो चुरा पडला तो काळा, जड आणि चमकदार होता. बोटानं चोळला तर टोचला. हा दगड होता.

फोन कुठं ठेवता, मी विचारलं. त्यांनी सांगितलं की वस्तीवर रेंज येत नाही. येते ती एकाच जागी, बुजवलेल्या विहिरीच्या उंचवट्यावर. म्हणून फोन दिवसभर तिथल्या एका धोंड्यावर असतो. निकिताचा फोन आला की त्या चुलीपुढून उठून तिथवर जातात.

हे सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता. मीही साधंच हूं म्हणालो. रस्त्याकडेला खडीचा क्रशर आहे, तिथली धूळ उडत असेल असं मनाशी ठरवलं आणि चुरा वहीत डकवला. फोन झक्क चार्ज व्हायला लागला होता.

३

पुढच्या बाजारला त्या पुन्हा आल्या. तक्रार तीच. लावल्यावर फोन तसाच वाजला, तीनदा, मग थांबून तीनदा. या वेळी खाचेतून करड्या-तांबूस रंगाचा भुगा निघाला, त्यात पांढरे ठिपके. नखानं फुटत होता. मला तो ओळखीचा वाटला, पण बाजाराची गर्दी होती, मी पट्टीखाली दाबला आणि विसरलो.

तिसऱ्या बाजारला पिवळा मुरूम निघाला.

आता मुरूम म्हणजे काही जगावेगळी वस्तू नाही. वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ग्रामपंचायतीनं मुरूम टाकलाच असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तरी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "कुठला रस्ता, भाऊ? गुडघ्याएवढ्या चाकोऱ्या हायेत नुसत्या." मी हसलो. त्याही हसल्या. मग जाताना सांगून गेल्या की पाडव्यानंतर निकिता त्यांना कायमची सावेडीला नेणार आहे. जमीन वाट्यानं द्यायची, वस्तीला कुलूप लावायचं. "एवढं एक काम उरलंय हितलं," त्या म्हणाल्या. कोणतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

चौथ्या बाजारला पांढरी, चुन्यासारखी माती निघाली. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी ती डकवायला वही उघडली. चारही पट्ट्या एका पानावर, एकाखाली एक आल्या होत्या. मी पान फिरवून उलटं धरलं, आणि एकेक पट्टी बोटानं वरून खाली मोजली. ती विहीर होती.

४

हे समजण्यासाठी विहीर कशी खोदतात ते माहीत पाहिजे.

वर काळी माती असते. तिच्याखाली पांढरी चुनखडी. मग मुरूम. मग मांजऱ्या, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा कच्चा खडक. आणि सगळ्यात खाली काळा पाषाण. आमच्या भागातल्या कुठल्याही खोदणाऱ्याला झोपेतून उठवून विचारा, तो याच क्रमानं सांगेल. वहिनींच्या फोनमधून हे सगळं निघालं होतं, पण खालून वर. पहिल्या आठवड्यात तळाचा पाषाण. चौथ्यात चुनखडी. राहिली होती फक्त काळी माती.

सहादेव पाषाणात होते, नऊ परस खाली. परस म्हणजे एका माणसाची उंची. काठावर यारी होती, खालचा दगड वर ओढणारं लोखंडी यंत्र. तिच्या इंजिनाच्या आवाजात खालच्याची हाक वर येत नाही, म्हणून कामकऱ्याच्या कमरेला घायपाताचा एक दोर असायचा. त्यानं दोर तीनदा ओढला की अर्थ एकच: वर घ्या. त्या दिवशी पावसानं भिजलेल्या मुरुमाचा एक कडा बसला आणि विहिरीत गेला. आम्ही दोर ओढला तर तो अर्ध्यातून तुटून हातात आला.

मग मला खाली सोडलं, ढिगाऱ्यावर. आमच्यात एक रीत आहे. माणूस दबला तर ढिगात पहार रोवायची आणि तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा. लोखंडातून आवाज येतो. मी पहार रोवली आणि कान लावला.

तीन ठोके आले. थांबून पुन्हा तीन.

मी मान वर केली. वर आभाळाचा गोल तुकडा, आणि त्याच्या कडेला माझा धाकटा भाऊ आदिनाथ, कमरेला दोर बांधून तयार. त्याच्या पायाखालच्या कड्याला चीर पडलेली मला खालून दिसत होती, त्याला वरून दिसत नव्हती. मी हो म्हणालो असतो तर तो थांबला नसता. शेजारीच वहिनी उभ्या होत्या, दीड वर्षाची निकिता कडेवर. त्यांनी वरून विचारलं, "काय आयकलं?"

मी म्हणालो, "काही नाही."

आणि मग मी माझ्या कमरेचा दोर तीनदा ओढला, आणि त्यांनी मला वर घेतलं. अर्ध्या तासानं दुसरा कडाही आत गेला, आणि पुढे विहीर सहादेवांसकट तशीच बुजवली. आदिनाथ खाली असता तर तोही गेला असता. आज तो पारनेरला आहे, त्याला दोन पोरं आहेत. मी केलं ते बरोबरच होतं, हे मी तेवीस वर्षं रोज सकाळी दुकानाचं शटर वर करताना स्वतःला सांगत आलो आहे. बरोबर असलेली गोष्ट रोज सांगावी का लागते, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. मी धंदेवाला माणूस आहे. ज्या प्रश्नात बरकत नाही तो मी विचारत नाही.

वही बंद केली, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती सगळ्यात वाईट होती. खालून वर येणारं जे कुणी होतं, ते एकटं येत नव्हतं. दर आठवड्याला मी एक थर काढून देत होतो. फुकट. स्वतःच्या हातानं, सुईनं.

५

पाचव्या बाजारला मी तयारीत होतो. वहिनींनी फोन पुढे केला, मी तो हातात घेतला, दिव्याखाली धरल्यासारखं केलं. खाच काठोकाठ काळ्या मातीनं भरली होती. ती ओली होती. दुकानात आमच्या दोघांशिवाय कुणी नव्हतं, बाहेर भेळवाला गाडीवर उलथनं आपटत होता, आणि मला वाटलं की त्या मातीला किंचित फुगवटा आला आणि गेला. दिवा हलला असेल. टेबलाला माझाच गुडघा लागला असेल.

मी सुई उचलली नाही.

"काही नाही आत," मी म्हणालो. "फोनच गेलाय. जाऊ द्या, वहिनी, हा मी ठेवून घेतो. तुम्हाला दुसरा देतो. पैसे नकोत."

त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"भाऊ, तुमी फोनवरची काच बी कुणाला फुकट दिल्याली न्हाई," त्या म्हणाल्या. "आज फोन देताय."

मी हसण्यावारी नेलं. त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला, पदराला पुसला. दारात जाऊन वळल्या.

"काही न्हाई म्हणताना तुमी डावीकडं बघता," त्या म्हणाल्या. "तवा बी डावीकडंच बघितलं हुतं."

६

पुढचे दिवस मी नेहमीसारखे काढले. काचा चिकटवल्या, सिम घातली, एका म्हातारबुवांच्या फोनचा आवाज मोठा करून दिला आणि त्यांना कव्हरही विकलं. मन शांत होतं. मी स्वतःला समजावलं की दोन आठवड्यांवर पाडवा आहे. वहिनी सावेडीला गेल्या की फोन फ्लॅटमध्ये राहील, तिथं फरशी आहे, माती नाही. एक थर राहिला तर राहिला. जगात कितीतरी गोष्टींवर एक थर असतो म्हणून त्या चालतात.

फक्त एक फरक पडला. मी कुठलाही फोन चार्जिंगला लावला की तो तीनदा वाजायला लागला.

मी वायरी बदलल्या. डब्या बदलल्या. वायरमनला बोलावून मागची सगळी लाईन तपासून घेतली. त्यानं भिंतीला हात लावला आणि म्हणाला, शेठ, ही भिंत आतून ओली आहे, पण तुमच्यावर तर पाण्याची टाकी नाही. मी त्याला चहा पाजला आणि घालवलं.

गुरुवारी निकिताचा फोन दुकानाच्या नंबरवर आला. आईचा फोन चार दिवस बंद लागतोय, म्हणाली. शेजारच्या वस्तीवरच्या माणसाला तिनं बघायला पाठवलं होतं. आई बरी आहे, त्यानं सांगितलं, पण दिवसभर त्या उंचवट्यावर बसून असते, आणि फोन तिथं मातीत उभा रोवलेला असतो, वर ती कान लावते.

"काका, हे काय चाललंय?" निकिता म्हणाली. "आईनं त्या माणसाजवळ निरोप दिलाय, मी सावेडीला येईन, पण तुम्ही खरं बोलल्यावर. कशाबद्दल ते सांगत नाही. तुम्हाला माहीत आहे का?"

मी डावीकडे बघितलं. तिकडे नुसती कव्हरं टांगलेली होती.

"आईला बाजारला पाठव," मी म्हणालो.

७

त्या आल्या तेव्हा बारा वाजले होते. रस्त्यावर बाजार भरात होता. मी शटर निम्मं खाली ओढलं. वहिनी स्टुलावर बसल्या, पिशवी पायाशी ठेवली, फोन काउंटरच्या काचेवर ठेवला. मी वायर घेतली आणि ती खाचेतल्या मातीत दाबली. जाईल असं वाटलं नव्हतं, पण गेली.

टुंग. टुंग. टुंग.

वहिनींनी विचारलं, "काय आयकलं?"

बाहेर कुणीतरी मेथीच्या जुड्यांचा भाव ओरडत होतं. मी समोर बघितलं, त्यांच्याकडे.

"तीन ठोके," मी म्हणालो. "थांबून पुन्हा तीन. त्या दिवशीही तेवढेच होते, वहिनी."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले, ओझं उतरवल्यावर बाया ठेवतात तसे.

"मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "मी तिथं रोज बसते. तुमच्या तोंडून पायजे हुतं." मग म्हणाल्या, "आदिनाथ जगला, त्ये बरंच झालं. त्याचा राग न्हाई मला. पर निदान मला सांगायचं. मी दोन शब्द तरी बोलले असते, त्येंला आयकू गेलं असतं पहारीतनं."

मी दिवा फोनवर वळवला.

"आता काढा," त्या म्हणाल्या.

मी फोन बंद केला, वायर काढली, कागद पसरला आणि सुई घातली. काळी माती ढेकळं होऊन पडायला लागली. खाच केवढी असते? नखाएवढी खोल. सुई नखाएवढी गेली आणि टेकली नाही. मी आणखी घातली. ती पेरभर गेली. मग आणखी, अगदी नेढ्यापर्यंत, माझ्या बोटांची टोकं फोनच्या कडेला लागेपर्यंत. फोनची जाडी मला माहीत आहे, मी रोज उघडतो. मी तिच्याबद्दल विचार करणं थांबवलं.

पलीकडून कुणीतरी सुईचं टोक धरलं. हळूच, चिमटीत, अंधारात चाचपडताना काही हाताला लागावं तसं. आणि तीनदा ओढलं.

मी सुई अलगद मागे घेतली. टोकाला एक धागा गुंतून आला, करडा, राठ, ओला. घायपात. मी चिमट्यानं तो धरला आणि ओढला. तो येत राहिला. वीतभर, मग हातभर, आणि येताना जाड होत गेला, एकाचे दोन पदर, दोनाचे चार, पिळलेले. दुकानात ओल्या दगडाचा वास भरला. काचेवर पाणी साठलं आणि कडेवरून माझ्या पायावर टपटपलं, नऊ परस खालच्या पाण्यासारखं गार.

वहिनी उठल्या. त्यांनी दोराचं टोक माझ्या चिमट्यातून काढून घेतलं आणि पंजा आणि कोपर यांच्यामध्ये गुंडाळायला लागल्या, घरचा ओझ्याचा दोर गुंडाळावा तसा, घाई न करता. तोंडानं काहीतरी बोलत होत्या. माझ्याशी नाही, दोराशी. शब्द मला कळले नाहीत, आणि ते माझ्यासाठी नव्हते.

मग त्यांचा हात थांबला. दोर ताणला गेला. फोन काचेवरून इंचभर सरकला आणि कडेला अडकून राहिला. दोर त्याच्यातून सरळ, ताठ बाहेर आलेला, आणि त्याच्यावरून पाण्याचे थेंब निथळत होते. बाजाराचा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"भाऊ," वहिनी म्हणाल्या, "आता जड लागतंय."

ते वजन मला ठाऊक होतं. रिकामा दोर वेगळा लागतो, आणि खाली कुणी दोरात बसलं की वेगळा.

मी काउंटरचं फळकूट उचलून बाहेर आलो, चपला काढून पाय फरशीला घट्ट रोवले, आणि वहिनींच्या हातामागे दोराला हात घातला.